व्यवसायजन्य रोगांचे संशोधन आणि परभाषिक कामगार

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहर ज्या ॲलेगेनी काउंटीत वसले आहे, तेथील पोलाद कारखान्यांत १९५३ साली कामावर असलेल्या सुमारे ५९ हजार कामगारांच्या मृत्यूंचा दीर्घकाल अभ्यास झाला. सर्वांची गणना एकत्र केली असता त्यांचे मृत्युप्रमाण काउंटीतील एकंदर पुरुषांहून अधिक आढळले नाही. परंतु कामाची जागा व वंश लक्षात घेऊन ही आकडेवारी विल्यम लॉइड यांनी १९७१ मध्ये पृथक मांडली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. कोळशापासून कोक करण्याच्या भट्ट्यांच्या माथ्यावर पाच वा अधिक वर्षे राबलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे दसपट होते. तेथे नेमलेले बहुतेक कामगार कृष्णवर्णीय होते. रोगाचे मूळ वंशात नव्हे, कामाच्या वाटणीत होते. १९७६ मध्ये या भट्ट्यांच्या धुरावर कायद्याने मर्यादा आली.

लॉइड यांना मृत्यूच्या व नोकरीच्या नोंदी पुरल्या. धाप, खोकला, पाठदुखी यांची अशी नोंद बहुधा नसते; ती कामगारालाच विचारावी लागते, आणि येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. संशोधकाची भाषा न येणाऱ्यास पुष्कळदा आरंभीच वगळले जाते. संशोधकाची सोय होते हे खरे. पण धुळीची, धोक्याची कामे ज्यांच्या वाट्यास येतात, नेमके तेच गळतात.

नुसत्या भाषांतरानेही भागत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९६० च्या श्वसनविकार-प्रश्नावलीत हिवाळ्यात सकाळी कफ पडतो काय, अशी पृच्छा आहे. मुंबईत हा हिवाळा कोणता समजावयाचा? मराठीत ‘दम लागतो का?’ हा प्रश्न धापेविषयीचा, हे कोणासही कळते. पण मुंबईतील बांधकामावर उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरास तोच शब्द ठेवून हिंदीत विचारल्यास घोटाळा होतो. कारण हिंदीत ‘दम लगाना’ म्हणजे जोर लावणे किंवा चिलमीचा झुरका घेणे. तेथे ‘साँस फूलना’ हवे, आणि घरी भोजपुरी बोलणाऱ्याच्या बाबतीत तेही पडताळून पाहणे अवश्य आहे. भाषांतर दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलटवून घ्यावे, हा उपाय रूढ आहे. मात्र त्यास चार-दोन मजुरांशी केलेल्या संभाषणाची जोड हवी.

दुभाषा मुकादम असू नये, हे तर उघडच आहे. त्याच्यासमोर धाप कबूल केली तर उद्याची हजेरी जाईल, असे मजुरास वाटले की तो ‘नाही’ म्हणतो, आणि आकडेवारीत निरोगी म्हणून जमा होतो.