‘मुरणे’ आणि ‘भिनणे’ : अल्पविद्राव्य वेदनाशामके व जेलचे माध्यम

औषध अंगी लागावयाचे तर ते प्रथम विरघळले पाहिजे, हा औषधशास्त्रातील प्राथमिक नियम होय. परंतु आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन ही नित्याच्या वापरातील वेदनाशामके जठरातील आम्लधर्मी द्रवात फारच थोडी विरघळतात. अ‍ॅमिडॉन व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली मांडलेल्या वर्गीकरणात ती दुसऱ्या वर्गात मोडतात : विद्राव्यता कमी, पारगम्यता अधिक. पटल ओलांडणे त्यांना अवघड नाही. अवघड आहे ते विरघळणे. ही अडचण जेलच्या माध्यमाने कशी दूर होते, आणि ते सांगताना मराठीतील क्रियापदांचा भेद का पाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयावर लिहिताना आपण ‘शोषण’ हा एकच शब्द सर्वत्र योजतो. ‘शोषणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. त्वचा शोषते आणि औषध शोषले जाते, म्हणजे औषध केवळ कर्म ठरते. बोलीत मात्र साखर विरघळते, रंग कापडातून सुटतो, मीठमसाला कैरीच्या फोडीत मुरतो आणि विष अंगात भिनते. ही चारही क्रियापदे अकर्मक असून प्रत्येकात तो पदार्थच कर्ता आहे. औषधाच्या प्रवासाचे चार टप्पे या चार शब्दांनी नेमके वेगळे दाखविता येतात.

पहिला टप्पा विरघळण्याचा. जेल म्हणजे दीर्घ रेणुशृंखलांचे जाळे आणि त्यात अडकून राहिलेला द्रव. कार्बोमर नावाच्या बहुवारिकाची पूड पाण्यात मिसळून त्यात अल्कली घातली की शृंखलांवरील आम्लगट विद्युत्‌भारित होतात, परस्परांना दूर लोटतात, शृंखला उलगडतात आणि पाणी घट्ट होते. कोरडवाहू शेतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात ‘जलशक्ती’ हे पाणी धरून ठेवणारे बहुवारिक तयार केले, त्यामागील तत्त्वही याच जातीचे होते. औषधाच्या जेलमध्ये पाण्याच्या जोडीला अल्कोहोल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, आणि त्यात अल्पविद्राव्य औषध विरघळते. कधी औषधाचा अधिक सोयीचा क्षार वापरतात : डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन शेकडा १·१६ या प्रमाणात घेतले म्हणजे ते शेकडा १ डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचे होते.

दुसरा टप्पा सुटण्याचा. अभ्यासकांची गफलत बहुधा येथेच होते. विद्रावक जितका चांगला तितके औषध त्वचेत अधिक जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. विद्रावकाशी अति सलगी झालेले औषध त्यालाच धरून राहते. त्वचेकडे जाण्याची त्याची ओढ विद्राव संपृक्तावस्थेच्या किती जवळ आहे यावर ठरते. जेल लावल्यावर अल्कोहोल उडून जाते, विद्राव संपृक्ततेकडे सरकतो आणि ही ओढ वाढते. मलमातून औषध सुटण्याच्या वेगाचे गणित हिगुची यांनी १९६१ साली मांडले, ते आजही वापरात आहे.

तिसरा टप्पा मुरण्याचा. त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगीस्तर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. परंतु त्यातील मृत पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी बुजलेल्या असतात. साधारणतः ५०० पेक्षा अधिक रेणुभाराचे पदार्थ तो आत येऊ देत नाही. आयबुप्रोफेनचा रेणुभार २०६ व डायक्लोफेनॅकचा २९६ आहे. जी स्नेहप्रियता पाण्यात त्यांच्या आड येते, तीच येथे त्यांच्या कामी येते.

चौथा टप्पा भिनण्याचा, आणि तो शक्य तितका टाळावयाचा आहे. गुडघ्यावर शेकडा १ डायक्लोफेनॅक जेल नियमाने लावल्यास रक्तात पोचणारे औषध गोळ्या घेतल्यावर पोचणाऱ्या औषधाच्या सुमारे ६ टक्केच असते. जठर व मूत्रपिंड यांस होणारा उपद्रव त्यामुळे कमी होतो. गुणाविषयी मात्र अतिशयोक्ती करू नये. कॉक्रेन संस्थेच्या २०१६ सालच्या समीक्षेनुसार सांधेदुखीत डायक्लोफेनॅक लावणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांस चांगला आराम पडला. नुसते औषधरहित माध्यम लावणाऱ्यांतही हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते.

हा शब्दभेद केवळ विद्यापीठीय चर्चेचा विषय नाही. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. त्या वेळी ऐन तिशीत असलेली तेथील माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत, आणि गुडघेदुखीचे वय हेच. अशा वयात गोळ्यांचा धोका अधिक, म्हणून जेलचे महत्त्वही अधिक. पण दुखरा सांधा तेल लावून चोळावा आणि वरून शेकावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जेल लावून शेक दिला, किंवा वर प्लास्टिक गुंडाळले, तर औषध मुरण्याऐवजी अधिक भिनते. म्हणून दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. जखमेवर अथवा चिरलेल्या त्वचेवर ते लावू नये, आणि वैद्याने सांगितल्याखेरीज त्याच जातीच्या गोळ्या जोडीला घेऊ नयेत. ‘त्वचेद्वारे शोषण होते’ या वाक्यातून यांपैकी एकही सूचना रुग्णास उमगत नाही. ‘औषध सांध्यात मुरू द्या, शेकू नका, शेकले तर ते अंगात भिनेल,’ असे म्हटल्यास कारणासह उमगते.

परिभाषेसाठी संस्कृत संज्ञा अवश्य घडवाव्यात. परंतु औषधाच्या वेष्टनावरील आणि दवाखान्यातील मराठी सूचना लिहिताना ही चार क्रियापदे हाताशी ठेवावीत, आणि रुग्णांना त्यांचा कोणता अर्थ लागतो याची पाहणी भाषाविज्ञान व औषधनिर्माणशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावी. सास्तूरसारखी गावे अशा पाहणीस सर्वथा योग्य आहेत.