तार की पारदर्शक साचा : प्रश्न दाताच्या मुळाचा

वेड्यावाकड्या दातांवर इलाज करून घ्यावयाचा असे एखाद्या घरात ठरले, म्हणजे हल्ली पहिला वाद निघतो तो दातांना तार बसवावी की तो पारदर्शक, चटकन नजरेत न भरणारा अलायनर घ्यावा, याविषयी. आणि त्याचा निकाल बहुधा दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच लागलेला असतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चारचौघांत हसताना धातू दिसू नये असे वाटते, वडील खर्चाचा अंदाज घेऊन तारेच्या बाजूने कौल देतात, आणि आईला काळजी असते ती परीक्षेच्या दिवसांत तोंड दुखत राहील की काय याची. या तिन्ही हरकती रास्त आहेत. परंतु केवळ त्यांच्या आधारे निर्णय करणे परवडते ते दात थोडेसेच वाकडे असतील तेव्हा. जागा करण्यासाठी उपदाढा काढाव्या लागणार असतील, सुळा टाळूकडच्या हाडात अडकून बसला असेल, तोंड मिटल्यावरही पुढचे दात एकमेकांना टेकत नसतील, किंवा दोन्ही जबड्यांच्या वाढीतच तफावत असेल, तर या वादाचे उत्तर आरशात सापडत नाही. ते क्ष-किरणांच्या चित्रात, हिरडीखाली दडलेल्या मुळांपाशी शोधावे लागते.

दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतुमय आवरण असते आणि त्या तंतूंनी दात आपल्या खोबणीत तोलून धरलेला असतो. त्याला हलका पण सतत दाब दिला, म्हणजे ज्या बाजूस मूळ हाडावर रेटले जाते तेथे हाड झिजविणाऱ्या पेशी जमा होतात, आणि ज्या बाजूस तंतू ताणले जातात तेथे नवे हाड रचणाऱ्या पेशी कामाला लागतात. अशा रीतीने एकीकडे हाड विरघळत व दुसरीकडे घडत, महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर या बेताने, दात आपल्या खोबणीसकट सरकतो. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांवर प्रयोग करून ही क्रिया दाखवून दिली, आणि त्याच प्रयोगांत असेही आढळले की दाब प्रमाणाबाहेर गेला तर आवरणातील रक्तपुरवठा तुटून तेथील पेशी मरतात व दात लवकर सरकण्याऐवजी अडून बसतो. म्हणूनच या शास्त्रातील बले फार सौम्य असतात : दात नुसता कलविण्यास ३५ ते ६० ग्रॅम, मुळासकट सरळ सरकविण्यास ७० ते १२० ग्रॅम, आणि हाडात आत दाबण्यास अवघे १० ते २० ग्रॅम. हे बल पोलादाने दिले की प्लॅस्टिकने, याची हाडातील पेशींना दखलही नसते. त्यांच्यावर परिणाम होतो तो बलाच्या प्रमाणाचा, दिशेचा आणि मुदतीचा.

आता खरी अडचण अशी की वैद्याच्या हाती लागतो तो दाताचा हिरडीबाहेरचा माथा, आणि सरकवावयाचे असते ते हाडातले मूळ. ओल्या जमिनीत पुरलेला खुंट वरच्या टोकाशी ढकलला तर तो जागचा न सरकता कलंडतो, तद्वत दाताच्या माथ्यावर नुसता दाब दिला तर माथा पुढे जातो आणि मुळाचे टोक किंचित उलट दिशेला जाते. थोड्याशा गर्दीत असे कलणे चालते, किंबहुना तेवढेच पुरते. पण उपदाढ काढून झालेली सुमारे सात मिलिमीटरची फट बुजवावयाची असेल, तर फटीच्या दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर कलंडून भागत नाही. मुळे समांतर राहून सरकली पाहिजेत. त्यासाठी ढकलण्याच्या बलाबरोबर मुळाला सावरणारा पीळही द्यावा लागतो, आणि हा पीळ कोणते उपकरण किती खात्रीने देऊ शकते, यावरच गुंतागुंतीच्या इलाजाचा सारा हिशेब अवलंबून असतो.

तारेने हा प्रश्न सोडविला तो दीर्घ खटपटीनंतर. फ्रान्समधील प्येर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दात धातूच्या पट्टीला धाग्याने बांधून ओळीत आणण्याची पद्धत वर्णिली होती. परंतु त्या पट्टीने दात कलत, मुळावर तिचा हुकूम चालत नसे. अमेरिकेतील एडवर्ड अँगल, ज्याने दातांच्या बिघडलेल्या मेळाचे तीन वर्ग १८९९ साली आखून दिले व जे आजही प्रत्येक दवाखान्यातील केसपेपरवर लिहिले जातात, त्याने आयुष्याच्या अखेरीस, १९२५च्या सुमारास, दातावर बसवावयाच्या ब्रॅकेटला चौकोनी खाच दिली आणि तीत चौकोनीच तार बसविली. ही खाच आज बहुधा ०.०२२ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक उंचीची असते. गोल तार तीत नुसती फिरते, पण चौकोनी तारेला पीळ दिला की तिच्या कडा खाचेच्या भिंतींना अडतात आणि तो पीळ थेट मुळापर्यंत पोहोचतो. पुढे १९७०च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज याने प्रत्येक दाताचा अपेक्षित कल ब्रॅकेटमध्येच घडवून दिला, त्यामुळे दर भेटीत तार वाकविण्याचे काम पुष्कळच कमी झाले; आणि त्याच सुमारास निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची लवचिक तार आल्यामुळे आरंभीचा दाब अधिक सौम्य व अधिक काळ टिकणारा झाला.

अलायनरची मूळ कल्पना लोक समजतात तितकी नवी नाही. हॅरोल्ड केसलिंग या अमेरिकी दंतवैद्याने १९४५ साली रबराचा एक साचा तयार करून, इलाजाच्या शेवटी उरलेली बारीकसारीक हालचाल त्याने साधावी अशी तजवीज केली होती, आणि असे साचे क्रमाने वापरले तर मोठी हालचालही होऊ शकेल हे त्याच्या ध्यानात आले होते. मात्र प्रत्येक पायरीसाठी हाताने नवा नमुना घडविणे व्यवहारात अशक्य होते. ती अडचण संगणकाने दूर केली. झिया चिश्ती व केल्सी वर्थ या स्टॅनफर्डमधील दोघा विद्यार्थ्यांनी दंतवैद्यकाची पदवी नसताना १९९७ साली याच कल्पनेवर कंपनी स्थापन केली, आणि तिच्या मागून इतर अनेक कंपन्या या धंद्यात आल्या. दातांचा स्कॅन घेऊन पडद्यावर अखेरची स्थिती ठरवावयाची, मधला प्रवास दर पायरीस सुमारे पाव मिलिमीटर याप्रमाणे विभागावयाचा, आणि प्रत्येक पायरीचा पातळ साचा बनवून तो आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावयाचा, अशी ही रीत आहे. गुळगुळीत दातावर प्लॅस्टिकला पकड मिळावी म्हणून दातांच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवितात. त्यांना दवाखान्यात अटॅचमेंट म्हणतात, आणि ज्या रुग्णाला आपल्या दातांवर काहीही चिकटणार नाही असे वाटत असते, त्याची येथे प्रथम निराशा होते.

पडद्यावरचे दात निमूटपणे ओळीत येतात. तोंडातले तितके आज्ञाधारक नसतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पुढच्या दातांची योजलेली हालचाल सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरल्याचे आढळले, आणि दात हिरडीतून बाहेर खेचण्याची क्रिया त्यात सर्वांत मागे, तीस टक्क्यांच्या आसपास, राहिली. साचे व अटॅचमेंट सुधारल्यानंतर २०२० साली झालेल्या तशाच पाहणीत ही सरासरी ५० टक्क्यांवर आली. उरलेली बाकी नवा स्कॅन घेऊन, साच्यांचा दुसरा, प्रसंगी तिसरा संच मागवून वसूल करावी लागते. यामागची कारणे उघड आहेत. सुळा व उपदाढ यांचा आकार गोलसर असल्याने त्यांना फिरविताना साचा त्यांच्यावरून निसटतो; दात बाहेर खेचावयाचा तर प्लॅस्टिकला धरावयास जागा थोडी; आणि काढलेल्या उपदाढेची फट बुजविताना लवचिक साचा मधोमध वाकतो, त्यामुळे पुढचे दात आत कलतात व दाढा पुढे झुकतात.

तथापि कठीण म्हटले की तारच, असा सरसकट निवाडा देणेही चुकीचे ठरेल. तोंड मिटल्यावर पुढे फट राहते अशा काही रुग्णांत दाढांवर चढलेले प्लॅस्टिक चावताना दाढांना किंचित आत दाबते आणि पुढची फट मिटण्यास मदत करते, तर तारेने दाढा किंचित वर येण्याची प्रवृत्ती असल्यामुळे तेथे वैद्याला अधिक सावध राहावे लागते. उलटपक्षी, वरचे दात खालच्यांना जवळजवळ झाकून टाकतात अशा खोल मेळात तारेचा तोच गुण उपकारक ठरतो. वरच्या दाढा एक-दोन मिलिमीटर मागे नेण्याचे काम साचे बऱ्यापैकी करतात. ज्याच्या हिरड्या आधीच नाजूक आहेत अशा प्रौढाला साचा काढून नीट ब्रश करता येणे हा लाभही लहान नव्हे. तारेभोवती अन्नाचे कण साठून दाताच्या माथ्यावरचे कठीण आवरण खराब झाले, तर ब्रॅकेट काढल्यावर दातावर खडूसारखे पांढरे डाग उरतात.

अडकलेल्या सुळ्याच्या प्रकरणात मात्र साच्याची मर्यादा स्पष्ट दिसते. वरचा सुळा हा अक्कलदाढेच्या खालोखाल सर्वांत अधिक वेळा हाडात अडकणारा दात आहे. शस्त्रक्रियेने हिरडी बाजूस करून त्यावर एक लहानशी गुंडी चिकटवितात, तिला बारीक साखळी जोडतात, आणि महिनोन्‌महिने हलक्या ओढीने तो खाली आणतात. ज्या दाताचा माथाच तोंडात आलेला नाही, त्यावर साचा बसविणार कशाचा? येथे ओढ धरून ठेवण्यास भक्कम आधार लागतो, आणि तो तारेचा असतो किंवा हाडात बसविलेल्या, सहा ते दहा मिलिमीटर लांबीच्या बारीक स्क्रूचा. या स्क्रूने साच्यांचीही कुवत पुष्कळ वाढविली आहे. त्यामुळे अवघड हालचाल आरंभी तारेने उरकून पुढचे काम अलायनरवर सोपविण्याचा मिश्र मार्ग आता अनेक ठिकाणी पत्करला जातो. जबड्यांचीच तफावत मोठी असेल, तर वाढ संपलेल्या वयात शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, आणि तेथे तार आणि साचा ही दोन्ही दुय्यम ठरतात.

एक अट मात्र रुग्णाच्या स्वभावाची आहे. दात हलण्यासाठी बल दिवसातून निदान सहा तास तरी टिकावे लागते, आणि नीट प्रगतीसाठी साचा वीस ते बावीस तास तोंडात राहिला पाहिजे. सकाळचा चहा, अकराचा चहा, दुपारचे जेवण, चारचा चहा व पाहुण्यांबरोबरचा आणखी एक, असा दिनक्रम असलेल्याने प्रत्येक वेळी साचा काढून, दात धुऊन, तो पुन्हा घालण्याची शिस्त आपल्याला झेपेल काय, याची खातरजमा आधीच करावी. तार त्या मानाने रात्रंदिवस काम करते, पण तिचीही पथ्ये आहेत : ऊस, चिक्की व सुपारी वर्ज्य, आणि तार ब्रॅकेटला धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या पांढऱ्या घेतल्या तर हळदीच्या आमटीने त्या दोन दिवसांत पिवळ्या होतात.

दवाखान्याला अजिबात फाटा देऊन घरपोच साचे पाठविण्याचा प्रयोगही होऊन गेला. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०२३च्या डिसेंबरात एकाएकी बंद पडली आणि अर्ध्या इलाजावर असलेल्या ग्राहकांना पुढचा मार्ग स्वतः शोधावा लागला. बी.डी.एस.नंतर तीन वर्षे हाच विषय शिकून एम.डी.एस. झालेला ऑर्थोडॉन्टिस्ट गाठणे त्यापेक्षा केव्हाही हिताचे. त्याच्याकडे गेल्यावर कोणते उपकरण चांगले, हे विचारण्यापूर्वी तीन गोष्टींचा खुलासा मागावा : माझ्या कोणत्या दाताचे मूळ किती व कोणत्या दिशेने सरकवावयाचे आहे, ठरल्याप्रमाणे ते सरकले नाही तर दुसरी तजवीज काय आहे, आणि इलाज संपल्यावर दात पूर्वपदावर येऊ नयेत म्हणून रिटेनर किती काळ वापरावा लागेल. क्ष-किरणांचे चित्र समोर धरून, बोट ठेवून या प्रश्नांची उत्तरे देणारा वैद्य मिळाला, तर तार आणि साचा यांतील निवड त्याच्यावर सोपविण्यास हरकत नाही. आणि चित्र न पाहताच उपकरणाचे नाव सांगणारा भेटला, तर दुसऱ्या वैद्याचा सल्ला घेण्यात कुचराई करू नये.