किल्ली कोठे ठेवली?

अफझलगंजच्या मोठ्या रस्त्यावरील वर्दळ मागे टाकून आत वळले की गल्ल्यांचे एक निराळेच जग सुरू होते. जवळच उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची भव्य वास्तू, आणि तिच्या शेजारघरासारखे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. हे ग्रंथालय १८९१ साली स्थापन झाले आणि १९३६ पासून मुसीकाठच्या ह्या इमारतीत आहे. आमचे घर अशाच एका गल्लीत आहे. दार जुने सागवानी, बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. ह्या लेखाचा विषय ते कुलूप नसून त्याची किल्ली हा आहे. एवढ्याशा वस्तूवर लेख कसला लिहावयाचा, असे वाचकांस वाटेल. परंतु ती वस्तू किती मोठी होऊ शकते, हे मला एका श्रावणातल्या संध्याकाळी समजले.

यजमान लग्नकार्यानिमित्त नांदेडला गेले होते. मामंजींचे मांडीचे हाड मोडले असल्याने ते अंथरुणाला खिळले होते. त्यांना उठून आतून कडी लावणे शक्य नव्हते, म्हणून बाहेरून कुलूप घालून मी औषधे आणावयास गेले. परत आले तो पाऊस कोसळत होता. पर्समध्ये हात घातला, किल्ली नाही. पिशवी उंबरठ्यावर पालथी केली, तरी नाही. आतून मामंजींचा आवाज आला, “आलीस का?” धावत दुकानाकडे गेले, तो दुकान बंद झाले होते. शेवटी चावीवाल्यास शोधून आणले आणि त्याने कुलूप तोडले, तोवर दीड तास लोटला होता. घरात काळोख, औषधाची वेळ टळलेली, आणि पाण्याचे भांडे मामंजींच्या हातास न पोहोचेल अशा ठिकाणी मीच ठेवून गेलेली. मामंजी एवढेच म्हणाले, “मुली, आधी दिवा लाव.” त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी दुकानातील मुलगा किल्ली घेऊन आला. पैसे काढताना मी ती काचेवर ठेवली होती. ठेवल्याचे मला तेव्हाही आठवले नाही आणि आजही आठवत नाही.

विसराळूपणा माझ्या पाचवीलाच पुजलेला. शाळेत असताना छत्र्या, कंपासपेट्या, डबे ह्यांची गणतीच नव्हती. “धांदरट”, “वेंधळी”, “लक्ष कोठे असते हिचे?” ही माझी जणू पर्यायी नावेच होती. परीक्षेत गुण बरे मिळत असल्याने ह्यामागे काही कारण असेल, अशी शंका कोणास आली नाही. पुढे भाच्यास मनोविकारतज्ज्ञांकडे दाखवावयास नेले तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर त्याच्या आईस प्रश्न विचारीत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची उत्तरे देत होते. काही दिवसांनी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या वेंधळेपणास शास्त्रीय नाव मिळाले.

त्या नावाविषयी थोडेसे

अवधानन्यूनता आणि अतिचंचलता असा ह्या अवस्थेचा मराठीत उल्लेख करता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणतात. नाव नवे असले तरी निरीक्षण जुने आहे. अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश वैद्याने १७९८ सालीच अवधान टिकवू न शकणाऱ्या माणसांचे वर्णन केले होते. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल ह्यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांविषयी मांडणी केली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली अवधानन्यूनतेस स्वतंत्र स्थान मिळाले आणि १९८७ पासून आजचे नाव रूढ झाले. ही अवस्था वय वाढले की आपोआप संपते, असा समज दीर्घकाळ होता. आता प्रौढांपैकी शंभरांत सुमारे दोन-तीन जणांस ती असते असे मानले जाते. मुलींमध्ये वरवरची चंचलता पुष्कळदा कमी दिसते, म्हणून त्यांचे निदान हुकते किंवा फार उशिरा होते.

त्या निदानपुस्तिकेत लक्षणांच्या यादीत नित्योपयोगी वस्तू वारंवार हरवणे हे एक लक्षण आहे, आणि उदाहरणांत पेन्सिली, चष्मा, पैशांचे पाकीट ह्यांच्या पंक्तीस किल्ल्याही आहेत. ते वाचून मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

मात्र येथे एक इशारा द्यावयास हवा. किल्ली विसरणारा प्रत्येक जण ह्या अवस्थेचा धनी नव्हे. लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसू लागलेली असावी लागतात. ती घर, शाळा, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात आणि त्यांमुळे जगण्यात खरोखरच अडथळा यावा लागतो. झोपेची कमतरता, चिंता, नैराश्य, थायरॉइडचा विकार ह्यांमुळेही विसर पडतो. आणि ज्यांची स्मरणशक्ती आयुष्यभर चांगली होती अशा वडीलधाऱ्यांस उतारवयात नव्याने विसर पडू लागला, तर तो निराळा प्रश्न असून डॉक्टरांना लवकर दाखविणेच इष्ट.

पदराची गाठ आणि रेल्वेचा गोळा

किल्ली हरवते तेव्हा आपण “विसरलो” असे म्हणतो. वस्तुतः पुष्कळदा विसरण्याजोगे काही मनात शिरलेलेच नसते. किल्ली काचेवर ठेवण्याच्या क्षणी माझे लक्ष नोटा मोजण्याकडे होते, म्हणून ठेवण्याची नोंदच झाली नाही. जे वहीत लिहिलेच नाही, ते वही कितीही चाळली तरी कसे सापडावे? म्हणून “नीट आठवून पाहा” हा उपदेश अशा माणसास निरुपयोगी ठरतो.

दुसरी अडचण योग्य क्षणी आठवण होण्याची. मानसशास्त्रज्ञ ह्या स्मरणाचे दोन प्रकार करतात: वेळेवर अवलंबून असलेले आणि प्रसंगावर अवलंबून असलेले. सालारजंग संग्रहालयातील वाद्यघड्याळ आपण सर्वांनी पाहिले आहे. तास भरत आला की छोटी बाहुली बाहेर येते आणि टोले देते. आपल्याला वेळ लक्षात ठेवावी लागत नाही. माझ्यासारख्यांच्या डोक्यातील ती बाहुली मनास येईल तेव्हा बाहेर येते. म्हणून तिच्यावर विसंबून न राहता, डोळ्यांस दिसणाऱ्या आणि हातास लागणाऱ्या खुणांशी आठवण बांधणे हाच उपाय.

आपल्या आज्या पदरास गाठ मारीत, तीही अशीच खूण. पण ती गाठ “काहीतरी लक्षात ठेवावयाचे आहे” एवढेच सांगते. काय आणि केव्हा, हे सांगत नाही. ह्याहून चांगली युक्ती मी लहानपणी पाहिली होती. माझे वडील काचीगुडा-मनमाड मार्गावर रेल्वेच्या नोकरीत होते. तेव्हा तो मार्ग एकेरी आणि मीटरगेज होता. पुढच्या स्थानकापर्यंतचा रस्ता मोकळा असल्याची निशाणी म्हणून इंजिनचालकाच्या हाती एक धातूचा गोळा दिला जाई. गोळा हाती नसेल तर गाडी हलवावयाची नाही, असा नियम. सारी सुरक्षितता चालकाच्या स्मरणशक्तीवर न सोपविता त्या गोळ्यात ठेवलेली होती. डॉक्टरांनी मला सवयींचे महत्त्व सांगितले तेव्हा मला तो गोळा आठवला. माझ्या घरालाही तसाच नियम हवा होता: किल्ली हाती नसेल तर दार बंदच होता कामा नये.

मी काय केले

पहिली गोष्ट म्हणजे कुलूप बदलले. नुसते दाबले की मिटणारे कुलूप, किंवा ओढून घेतले की आपोआप लागणारे लॅच, हे विसराळू माणसाचे शत्रू होत. किल्ली फिरविल्याखेरीज लागतच नाही असे कुलूप बाजारात मिळते. ते बसविल्यापासून किल्ली आत ठेवून दार लावण्याचा प्रकार बंद झाला. कारण तो घडणेच अशक्य झाले.

दुसरी गोष्ट, किल्लीस एकच घर दिले. दाराच्या आत, चपलांच्या वरच्या बाजूस एक खुंटी. कपाटात नव्हे, खणात नव्हे, डब्यात नव्हे. जे झाकले गेले ते माझ्यापुरते नाहीसे झाले. नियम असा की घरात पाऊल टाकल्यावर किल्ली हातातून सुटावयाची ती खुंटीवरच. हात आणि खुंटी ह्यांच्यामध्ये मुक्काम नाही. फोन वाजो, दूध उतू जावो, आधी खुंटी.

तिसरी गोष्ट, घराबाहेर असताना किल्ली कोठेही “ठेवावयाची” नाही. एका टोकाने पर्सच्या आतील कडीस बांधलेल्या साखळीवर ती असते. दुकानाच्या काचेवर ठेवू म्हटले तरी पर्स सोबत ओढली जाते.

चौथी गोष्ट, मोठ्याने बोलणे. जपानमध्ये रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, आणि त्यामुळे चुका कमी होतात असे तेथील अनुभवांतून व प्रयोगांतून दिसून आले आहे. मीही कुलूप लावल्यावर “कुलूप लावले, किल्ली पर्समध्ये” असे म्हणते. प्रथम शेजारी हसले. आता गल्लीतील मुले माझ्याबरोबर म्हणतात. बोलल्यामुळे निसटून जाणाऱ्या त्या क्षणाची नोंद होते.

पाचवी गोष्ट, संकल्पाची भाषा बदलली. “आता मी काळजी घेईन” हा संकल्प मी शेकडो वेळा केला होता. पीटर गोलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडले की “अमुक घडले की मी तमुक करीन” असा नेमका संकल्प सोडल्यास तो पार पडण्याचा संभव वाढतो. “चपला पायात घातल्या की मी खुंटीकडे पाहीन” हे एक वाक्य माझ्या साऱ्या पश्चात्तापापेक्षा अधिक कामास आले.

सहावी गोष्ट, चुकीची तरतूद आधीच केली. एक जादा किल्ली समोरच्या तेलुगू कुटुंबाकडे, एक यजमानांकडे. ही शरणागती नव्हे. गाडीत जादा चाक ठेवणारा वाहनचालक काही अकुशल ठरत नाही. अलीकडे जुडग्यास लावावयाची, मोबाइलवरून शोधता येणारी छोटी यंत्रेही मिळतात. ती जरूर वापरावीत. पण त्यांतील विद्युत्घट संपतो, खुंटीचा संपत नाही.

ह्या साऱ्या सवयी मी एकदम लावून घेतल्या नाहीत. कुलूप एका दिवसात बदलता येते, सवय नव्हे. लंडनमध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरतील, तर कोणास २५४ लागतील असे अनुमान निघाले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. मला खुंटीच्या सवयीस चार महिने लागले. आणि आमच्यासारख्यांची आणखी एक खोड अशी की रोजची खूण काही दिवसांनी दिसेनाशीच होते. म्हणून मी दर सणास किल्लीचा गोंडा बदलते. पाडव्यास पिवळा, दसऱ्यास तांबडा.

घरच्यांसाठी दोन शब्द

विसरणाऱ्या माणसास आपण विसरतो हे सर्वांत आधी ठाऊक असते. त्यास रागावून त्याची स्मृती सुधारत नाही. तो फक्त चूक लपवावयास शिकतो. घरच्यांनी एवढेच करावे की ठरलेली खुंटी हलवू नये, तीवर पिशव्या टांगू नयेत आणि किल्ली दुसरीकडे दिसली तर उपदेश न करता ती जागेवर ठेवावी. मूल असे असेल तर त्याच्या दप्तरास, पाणी पिण्याच्या बाटलीस, डब्यास असेच एकेक घर द्यावे.

सवयी म्हणजे उपचार नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. ह्या अवस्थेवर औषधे आहेत, समुपदेशनही आहे. औषध मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याविना घेऊ नये. आपल्या शहरात एरागड्डा येथे शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून प्राथमिक सल्ला मिळतो. तेथे विचारण्यात कमीपणा नाही.

आमच्या दाराजवळची खुंटी पितळेची आहे. ती पूर्वी मामंजींच्या खोलीत होती आणि तीवर त्यांची काळी टोपी असे. निदानाची हकीकत मी त्यांना भीत भीत सांगितली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुतारास बोलावून त्यांनी ती खुंटी काढविली आणि दाराजवळ बसवून घेतली. काठीच्या टोकाने उंची दाखविली, माझा हात सहज पोहोचेल इतकी. टोपीचे काय, असे मी विचारले तर म्हणाले, “टोपी डोक्यावर असते, ती हरवत नाही.”

मामंजी आता नाहीत. गेल्या महिन्यात बाजारातून परतताना माझी पर्सच रिक्षात राहिली. मी समोरच्या घरी गेले, त्या बाईंनी न विचारता किल्ली काढून दिली आणि चहास थांबवून घेतले. घरी येऊन दिवा लावला आणि ती परकी किल्ली त्याच खुंटीवर अडकविली.