कावेरीचे वाटाडे

मासा धरायचा, तोलायचा, फोटो काढू द्यायचा आणि पुन्हा नदीत सोडायचा, या कामाला पगार मिळतो असे आपल्याकडच्या एखाद्या भोई मामांना सांगितले तर ते आपल्यालाच वेड्यात काढतील. आपल्याच देशात, कावेरीच्या काठी, अनेक वर्षे हे काम चालले. शिवनसमुद्रच्या धबधब्याखाली नदी जंगलात शिरते. तिथे भीमेश्वरी, दोड्डमक्कळी आणि गालिबोरे अशी तीन ठिकाणे आहेत. महसीर नावाचा मोठ्या खवल्यांचा, दांडगा मासा धरण्यासाठी जगभरचे हौशी गळकरी इथे येत.

पाहुण्यांजवळ महागड्या काठ्या असत, पण मासा कुठे आहे हे ठाऊक असे ते काठच्या गावांतल्या वाटाड्याला. यांतले काहीजण पूर्वी चोरून मासे मारत. जिलेटिनचा तोटा पाण्यात टाकला की लहानमोठे सगळेच मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात. तो धंदाही त्यांनी जवळून पाहिलेला. त्यांनाच नदीवर कामाला ठेवले, ही योजना मला अजूनही शहाणपणाची वाटते. ज्याला नदीतले प्रत्येक भोक ठाऊक आहे त्याच्याइतका चांगला राखणदार कुठून आणणार?

कामाचे स्वरूप ऐकण्यासारखे आहे. हिमालयात पिसे आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर नाचवून मासा भुलवतात. त्या पद्धतीत माशीला वजन नसते, दोरीच्या वजनावर फेक साधावी लागते. कावेरीवर मात्र नाचणी चाले! नाचणीचे पीठ मळून, उकडून त्याचा घट्ट गोळा गळाला लावायचा. बांबूच्या गोल, टोपलीसारख्या होडीतून पाहुण्याला खडकांमधल्या धारेपाशी न्यायचे. वरच्या धरणातून पाणी सुटले की नदीचा नूर बदलतो, तो ओळखायचा. काठावर हत्ती, पाण्यात मगरी; त्यांच्यावरही नजर ठेवायची. मासा लागला आणि खाली पळत सुटला की होडी त्याच्यामागे सोडायची, नाहीतर दोरी खडकावर घासून तुटते. शेवटचे काम सर्वांत नाजूक. दमलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे करून, त्याला दोन्ही हातांनी पाण्यातच धरून ठेवायचे. कल्ले नीट चालू लागले आणि शेपटीत जोर आला, की मगच हात काढायचा. घाई केली तर मासा पोट वर करून वाहत जातो.

कावेरीचा हा दबदबा जुना. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कावेरीची उपनदी काबिनीत १२० पौंडांचा महसीर धरला होता. त्यानंतर धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी नदीची दैना केली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तीन ब्रिटिश गळकऱ्यांची तुकडी इथे मोठे मासे शोधत आली, आणि या माशाचे नाव पुन्हा जगभर गेले.

गालिबोरेच्या तळावर प्रत्येक माशाची नोंद होई. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या. २३,६२० तासांच्या गळटाकीत ६,१६१ महसीर धरून सोडले गेले होते; म्हणजे एका माशामागे जवळपास चार तास. सर्वांत मोठा १०४ पौंडांचा. ताशी मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती आणि सरासरी वजन उतरत होते. याचा अर्थ नवी पिल्ले जगत होती, राखण लागू पडली होती.

पण त्याच नोंदींत दुसरे काहीतरी दडलेले निघाले. कावेरीचा मूळ महसीर पाठीला उंच कुबड असलेला, नारिंगी परांचा. तो कमी कमी होत जवळजवळ दिसेनासा झाला होता. वाढला होता तो निळसर परांचा दुसरा महसीर. हा आपल्या कृष्णा खोऱ्यातला! पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली ‘खुद्री’ या नावाने केले. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होते. महसीर घटले म्हणून नद्यांत बीज सोडण्याची मोहीम निघाली, तेव्हा तिथले बीज कावेरीतही गेले. हेतू चांगलाच होता. कुबडवाल्याला मात्र तोवर धड शास्त्रीय नावही निश्चित झालेले नव्हते. ते २०१८ साली झाले, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी हा मासा अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

मधल्या काळात तळांवरची गळटाकी थांबली होती. अभयारण्यात मासा धरणे, मग तो सोडून का देईना, ही शिकारच असा कायद्याचा अर्थ लावला गेला, आणि २०१२नंतर कावेरीच्या त्या पट्ट्यात गळ पडला नाही. कायद्याची बाजू मी समजू शकतो. एकाला सूट दिली की दहाजण दारात उभे राहतात. पण मासा वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने आधी काढले ते वाटाड्यांना. त्यांच्याबरोबर ती नोंदवहीही मिटली, आणि सुरुंगवाल्यांना हटकणारी माणसे काठावरून गेली. पुढे ज्या अभ्यासाने कुबडवाल्याला नाव मिळाले, त्याचे नमुने शोधावे लागले ते तामिळनाडूतल्या मोयार नदीत.