एका गुणाचं बेट

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रश्नमंजूषेत मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. प्रश्न निघाला : जगातलं सर्वात मोठं नदीतलं बेट कोणतं? शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बनानाल. ब्राझीलमध्ये." माझ्या हातातल्या कार्डावर 'माजुली' छापलेलं होतं. मी मान हलवली, घंटा वाजली, शेजारच्या संघानं 'माजुली' म्हणून गुण पटकावला. घरी येऊन नकाशा उघडला, तेव्हा कळलं की पोरीचा एक गुण मी खाल्ला.

माजुली आसामात, ब्रह्मपुत्रेत आहे. गिनेस बुकानं २०१६ साली त्याला सर्वात मोठं नदीबेट म्हणून मान दिला, तेव्हा क्षेत्रफळ धरलं होतं ८८० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई सहाशेच्या आसपास भरते, त्यामुळे ८८० ऐकून आपल्याला दबायला होतं. पण ब्राझीलची अरग्वाया नदी एके ठिकाणी दुभंगते, साडेतीनशे किलोमीटर दोन वाटांनी जाते आणि मग पुन्हा एक होते. या दोन वाटांच्या मधला तुकडा म्हणजे बनानाल, सुमारे १९ हजार चौरस किलोमीटरचा. आपल्या राज्यातला सर्वात मोठा जिल्हा अहिल्यानगर, १७ हजारांचा. तो अख्खा उचलून त्यात ठेवला तरी कडेनं जागा उरेल. माजुली तर वीसेक मावतील.

यावर काही अभिमानी मंडळी विशेषणं जोडू लागतात. "नदीतलं, पण वस्ती असलेलं." तर बनानालवर कराजा आणि जावाए हे आदिवासी राहतात. "नदीतलं, समुद्राचा संबंध नसलेलं." बनानाल देशाच्या पोटात आहे, समुद्र कुठल्या कुठे. ही अट उलट बनानाललाच सोयीची, कारण ती काढली तर आमेझॉनच्या मुखावरचं माराजो पुढे येतं. ते ४० हजार चौरस किलोमीटरचं, जवळपास स्वित्झर्लंडएवढं. त्याच्या एका अंगाला अटलांटिक असल्यामुळे त्याला नदीचं म्हणावं की समुद्राचं, यावर भूगोलवाले भांडतात. माराजोवरचे पोलीस मात्र म्हशींवर बसून गस्त घालतात, आणि ते भांडत नाहीत.

माजुलीला या दाव्याची गरजच काय, हे मला खरं कोडं वाटतं. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोटीत बसायचं. माणसं, मोटारसायकली सगळं एकाच फळीवरून चढतं. पलीकडे सोळाव्या शतकात शंकरदेव आणि माधवदेव या गुरुशिष्यांची भेट झाली असं मानतात. त्यांच्या परंपरेतली सत्रं, म्हणजे वैष्णव मठ, आजही नांदती आहेत. सामागुरी सत्रात बांबू, कापड आणि मातीचे मुखवटे घडतात. रावणाचा जबडा हलतो, पूतनेची जीभ बाहेर येते. सालमोराच्या कुंभारणी चाकाशिवाय, हातानं थापून मडकी करतात. मिसिंग लोकांची घरं खांबांवर उभी असतात, कारण पाणी पाहुण्यासारखं दरवर्षी येतं.

पाहुणा जाताना जमीन घेऊन जातो, हे दुखणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट साडेबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. १५ ऑगस्ट १९५० ला आसामात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, डोंगर ढासळले, गाळ नदीत आला, पात्र वर उचललं गेलं. उथळ झालेली नदी आडवी पसरू लागली आणि काठ खाऊ लागली. कित्येक गावं गेली, काही सत्रांनी मुख्य भूमीवर बिऱ्हाड हलवलं. ८८० हा आकडासुद्धा सगळे मोजणारे मान्य करत नाहीत, काहींच्या मोजणीत तो याच्या निम्म्याहून खाली उतरतो. नदीबेट ही दगडात कोरलेली वस्तू नव्हेच. माजुली २०१६ साली जिल्हा झाला, नदीबेटावर वसलेला देशातला पहिला. यात कुणा ब्राझीलवाल्याशी स्पर्धा नाही, आणि हे खरंही आहे.

ब्रह्मपुत्रेला दुसऱ्या टोकाचाही दावा सांगायचा असतो. गुवाहाटीसमोरचं उमानंद म्हणजे जगातलं सर्वात लहान वस्तीचं नदीबेट, असं नावाडी छातीठोक सांगतात. आहोम राजा गदाधर सिंहाच्या काळातलं, १६९४ सालचं शिवमंदिर तिथे आहे, जागा सुंदर आहे. पण अमेरिका-कॅनडाच्या सीमेवर सेंट लॉरेन्स नदीत 'जस्ट रूम इनफ' नावाचं एक बेट आहे. त्यावर एक घर, एखादं झाड आणि दोन खुर्च्या टाकण्यापुरती जागा, एवढंच. लहानांच्या शर्यतीत तर शेवट सापडणं आणखी कठीण.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या तर नावातच बेट. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र समुद्रहद्दीच्या एका खटल्यात त्याला मुख्य भूमीचाच विस्तार मानायचं ठरवलं. चारी बाजूंनी पाणी असूनही कायद्यापुरतं ते बेट उरलं नाही. तिथले लोक अजून स्वतःला बेटवालेच म्हणवतात, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे.

कारण आमचंही तेच चाललंय. "मुंबई सात बेटांची" हे आपण इतक्या कौतुकानं सांगतो, की ती सात आज कुठेत हे विचारायचं राहतं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बांध घालून, खाड्या बुजवून ती एकमेकांना चिकटली, मग उत्तरेच्या साष्टीलाही. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. आज एकच बेट आहे, आणि त्याला मुंबईकर बेट म्हणतच नाही. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. मधे वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मीरा-भाईंदर, ठाण्याचा मोठा भाग, कान्हेरीची लेणी आणि बिबटे. जगातल्या सर्वाधिक वस्तीच्या बेटांत याचा नंबर बराच वर लागतो. फुशारकी मारायची तर ही खरी आहे, फुकट पडून आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली आपली पहिली प्रवासी गाडी घ्या. चौतीस किलोमीटर धावली, तोफांची सलामी मिळाली, इतिहास झाला. ठाणे स्टेशन खाडीच्या अलीकडे, साष्टीवरच. म्हणजे त्या दिवशी गाडीनं मुख्य भूमीला चाकही लावलं नाही. खाडीवर पूल होऊन ती कल्याणला पोहोचली १ मे १८५४ ला. पूल संपला की लागतं ते कळवा. एकदा लोकलमध्ये शेजारच्या कळवेकराला मी हे सांगितलं, की तुम्ही मुख्य भूमीवरचे, आणि मुंबईवाले बेटावरचे. तो म्हणाला, "मग चौथी सीट तरी द्या."