नेतृत्वाचा वर्ग : तिथे नेमके काय शिकवतात?



आम्ही तिघे, म्हणजे दोन संचालक आणि शेतकी खात्याचे एक अधिकारी, नुकतेच अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत पाच दिवसांच्या नेतृत्व वर्गाला जाऊन आलो. "पुढारी व्हायला शाळा कशाला लागते?" असे चावडीवर विचारले गेले. "आमच्या पैशावर सहल झाली" असेही कानावर आले. पैसा सभासदांचा, तेव्हा विचारणे रास्तच आहे. म्हणून हा हिशोब.

ही संस्था १९६१ साली सुरू झाली. विक्रम साराभाई यांचा त्यात पुढाकार होता आणि अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेचे सहकार्य मिळाले. तरुण मुलांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम वेगळा. आमच्यासारख्या काम करणाऱ्या माणसांसाठी काही दिवसांचे वर्ग असतात. त्यात पास-नापास नाही.

शिकवण्याची रीत मात्र न्यारी. तिला 'केस' म्हणतात. एखाद्या संस्थेपुढे आलेला पेच काही पानांत लिहिलेला असतो. आकडे असतात, माणसे असतात, कोण काय म्हणाले तेही असते. उत्तर तेवढे नसते. ते कागद रात्री वाचायचे, पाच-सात जणांच्या गटात वाद घालायचा आणि सकाळी वर्गात बसायचे. गुरुजी भाषण करीत नाहीत. विचारतात, "त्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केले असते? आणि का?" एक जण बोलला की दुसरा ते खोडतो. शेवटी बरोबर उत्तर सांगतील म्हणावे, तर तेही नाही! पहिल्या दिवशी आम्हाला फसल्यासारखे वाटले.

तिसऱ्या दिवशी ज्याने त्याने आपापली अडचण मांडायची होती. आम्ही केनयार्डातल्या रांगेची मांडली. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते, त्यात शेतकऱ्याचे नुकसान. आतली साखरही मोडते, उतारा पडतो, त्यात सगळ्यांचेच नुकसान. म्हणून तोडीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत ऊस गाळावा, हे आपण सारेच जाणतो. आम्ही सांगितले, "टोळ्या ऐकत नाहीत, वाहने एकदमच येतात."

गुरुजींनी तीनच प्रश्न विचारले. फडात कोयता लागल्यापासून मोळी गव्हाणीत पडेपर्यंत किती तास जातात? ते कोण लिहून ठेवतो? आणि मुकादमाला, ट्रॅक्टरवाल्याला याबद्दल शेवटचे कधी विचारले?

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. काट्यावर किलोकिलोचा हिशोब आहे, तासांचा नाही. चिठ्ठीवर तोडीची तारीख असते, वेळ नसते. आमचे शेतकी अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, "चिटबॉयला ठाऊक असते, पण त्याला आपण बैठकीला बोलवतच नाही." संचालक मंडळाने शेतकी खात्याला बोल लावायचा, खात्याने मुकादमाला, मुकादमाने वाहनवाल्याला, असा आमचा हंगाम गेला होता. खुर्ची तुमच्या मतांनी मिळाली. पण दोष पुढे ढकलणे म्हणजे नेतृत्व नव्हे, हे तिथे उमगले.

आता पुढे काय? संचालक मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आहेत. येत्या हंगामात आधी दोन गटांत चिठ्ठीवर तोडीची वेळ लिहायची. दर आठवड्याचे सरासरी तास गेटवरच्या फळ्यावर लावायचे, आकडा वाईट असला तरी. आणि महिन्यातून एकदा मुकादम, वाहनवाले व चिटबॉय यांच्याबरोबर बसायचे. पाऊस, मिलची बिघाडी, मजुरांची टंचाई यांवर हा वर्ग उतारा नव्हे. पाच दिवसांत कुणी पुढारी होत नाही. पण चुकीच्या जागी बोट दाखवण्याची खोड मोडते.

सहकाराची सात तत्त्वे १९९५ साली आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने मँचेस्टर येथे मांडली. त्यांतले पाचवे शिक्षणाचे आहे आणि ते संचालकांइतकेच सभासदांसाठीही आहे. तेव्हा आपल्या फडात तोड सुरू झाली की वेळ टिपून ठेवा आणि वजनाच्या पावतीशी ताडून पाहा.

हंगामानंतरच्या वार्षिक सभेत आम्हाला तासांचा आकडा मागा. तो आमच्यापाशी नसला, तर सहल झाली असे खुशाल म्हणा.