हाक आणि होकार (लेखांक सहावा) : रमाबाईंनी कोणाचे ऐकले?

मागच्या आठवड्यात आपण ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांची हकीकत पाहिली. हजारो अनाथ मुलांना पोसायचे, पण माणसापुढे हात पसरायचा नाही, गरज सांगायची ती फक्त देवाला, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांच्याविषयीचे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यातल्या एका बाईच्या हाती पडले. सोबत आणखी दोन पुस्तके होती: चीनमध्ये अशाच भरवशावर उभ्या राहिलेल्या हडसन टेलर यांच्या मिशनची कथा आणि पॅसिफिक बेटांवर राबलेल्या जॉन पेटन यांचे चरित्र. तिन्ही वाचून झाल्यावर त्या बाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला. हे इंग्लंडात जमले, चीनमध्ये जमले, मग हिंदुस्थानात का जमू नये?

त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. हा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला नाही, त्याचा जमाखर्च स्वतःच्या आयुष्यात मांडून पाहिला.

रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे दोन चित्रे चटकन पुढे येतात. एक, संस्कृत विद्वत्तेने कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवणारी तरुणी; दुसरे, विधवांसाठी शाळा काढणारी सुधारक. दोन्ही खरी आहेत. पण केडगावच्या माळावर त्यांनी जे उभे केले, त्याच्या मुळाशी त्यांचे ऐकणे होते, आणि ते सोपे नव्हते. देवाचे ऐकायचे ठरवले की त्याच्या नावाने बोलणारी पुष्कळ माणसे मध्ये उभी राहतात. त्यातल्या कोणाला मान द्यायचा आणि कोणाला नम्रपणे नकार, हे रमाबाईंना पुन्हापुन्हा ठरवावे लागले.

सुरुवात त्यांच्या जन्मापासूनच करावी लागते. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, आणि आई लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुढे सारे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळात, नदीकाठी पुराण सांगायचे आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची. मग मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाने गाठले. साठवलेले पैसे दानधर्मात आणि व्रतांत संपले होते. शेवटी रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर रमा चालत राहिली.

जिने शास्त्राचा शब्दन् शब्द पाळणारी माणसे डोळ्यांदेखत उपाशी मरताना पाहिली, ती पुढे कोणत्याही धर्माधिकाऱ्याचा शब्द केवळ तो म्हणतो म्हणून मानणार नव्हती. पुढची तीस-चाळीस वर्षे समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवलेले बरे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तोवर भाऊ आणि पती बिपिनबिहारी दोघेही वारले होते. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. वाँटेज येथील सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्या उतरल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात खळबळ उडाली. पण खरी ओढाताण पुढेच होती, आणि तीही बाप्तिस्मा देणाऱ्यांशी. मठातल्या भगिनी जेराल्डिन यांना वाटे की आता रमाबाईंनी चर्चची शिकवण निमूट स्वीकारावी. रमाबाई पत्रांमागून पत्रे लिहीत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त असो, ख्रिस्ताच्या देवत्वाचा प्रश्न असो, शास्त्रात काय लिहिले आहे आणि पुढच्या लोकांनी त्यात काय घातले, हे त्या वेगळे करून विचारीत. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही त्यांचाच प्रश्न. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. भर सभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हे अजबच वाटले. आपण ख्रिस्ताच्या झालो, कोणा एका पंथाच्या चाकर झालो नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवले.

यात कोणाला उद्धटपणा दिसेल. जेराल्डिनबाईंना तो दिसलाच, आणि शिष्येची काळजी त्यांना मनापासून होती हेही त्या पत्रांतून कळते. पण सदसद्विवेकाची जागा दुसऱ्याच्या हवाली करून देवाची आज्ञा पाळता येत नाही, अशी रमाबाईंची खात्री होती. बाल शमुवेलाला हाक ऐकू आली तेव्हा एली याजकाने त्याला स्वतःकडे बोलावून घेतले नाही. परत जा आणि आता देवालाच उत्तर दे, एवढेच सांगितले. वडीलधाऱ्यांचे काम तिथवरच असते. वाँटेजच्या त्या सगळ्या भांडणाचा अर्थ या जुन्या गोष्टीत आहे.

अमेरिकेत व्याख्याने देऊन, मित्र जोडून, ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या विषयावर इंग्रजी पुस्तक लिहून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचा खर्च उचलला होता. सदनात कोणालाही धर्म शिकवायचा नाही, हा करार होता. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई इथल्याच.

याच सुमारास रमाबाईंच्या अंतरंगात मोठा बदल झाला. १८९१ च्या आसपास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन वाचले. पाळक होऊन वर्षे लोटल्यावर, ज्या गोष्टीचा उपदेश करीत आलो ती आपल्यालाच मिळालेली नाही, हे त्यांना उमगले होते. रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायचा राहिला, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. आठ वर्षे वाद, अभ्यास, उपासना आणि संस्था चालवणे एवढे सगळे झाल्यावर हे कबूल करणे सोपे नाही. तेव्हापासून त्यांच्या प्रार्थनेचा सूर पालटला. रोज पहाटे त्या मनोरमेसह बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत.

त्या उघड्या दारावरून १८९३ चे वादळ उठले. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, ऑगस्टमध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. इथे न्यायाने बोलायचे तर पालकांची तक्रार खोटी नव्हती. धर्माबाबत तटस्थ राहू असे त्यांना सांगितले होते, आणि जिला मुली आई मानतात तिची प्रार्थना तटस्थ कशी राहणार? रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावलेले नाही, पण माझ्या खोलीत माझ्या देवाशी बोलताना मी कडी लावणार नाही. कडी लावली असती तर मित्र राहिले असते, पुण्याची सहानुभूतीही राहिली असती. त्यांनी ती लावली नाही, आणि पुण्यातल्या सुधारक मंडळींत त्यांना पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही.

आता १८९६ ची अखेर. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंच्या हाताशी काय होते? पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला नुकतीच घेतलेली जमीन. तिथे फळबाग लावायची आणि अमेरिकेची मदत थांबेल तेव्हा तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा चोख हिशेब. दुष्काळी मुलींसाठी मात्र जागा नव्हती, माणसे नव्हती, पैसा नव्हता. असोसिएशनचा निधी उच्चवर्णीय बालविधवांसाठी होता, तो इकडे वळवता येत नव्हता. नाही म्हणायला सगळी कारणे तयार होती, आणि सगळी खरी होती.

पण त्यांना आपले अकरा दिवस आठवले. रस्त्याकडेला बसलेल्या मुलींना दलाल कसे गाठतात, तेही त्यांना ठाऊक होते. आपल्याला त्या रानातून वाचवले ते कशासाठी, या प्रश्नाच्या रूपाने देव आपल्याशी बोलतो आहे, अशी त्यांची खात्री झाली. हे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. हाक आकाशातून आली नाही. ती आली स्वतःच्या जुन्या भुकेतून, समोरच्या बातमीतून आणि वाचलेल्या शास्त्रातून, आणि तिन्हींचे बोट एकाच दिशेला होते. त्या मध्य प्रांतात गेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा केल्या, आणि १८९७ मध्ये सुमारे तीनशे जणींना आसरा दिला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचे निर्बंध आले आणि इतक्या मुली शहरात ठेवणे अशक्य झाले. मग त्यांना केडगावला नेले. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. फळांचा हिशेब बाजूला पडला आणि मुक्ती सदन सुरू झाले.

म्यूलरच्या पुस्तकातला प्रश्न आता खरोखर पणाला लागला होता. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या. इतक्या जणींना रोज जेवू घालायचे तर केवळ डोळे मिटून बसून भागत नाही, हे रमाबाईंइतके कोणाला कळत असेल? मुक्तीत शेती होती, गोठा होता, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. मुली शिकत आणि राबत. अंध मुलींसाठी वेगळे सदन निघाले. यरीहोच्या वाटेवर येशूला मोठ्याने हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तिमयाचे नाव त्याला दिले. मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि मुलींची बोटे त्या ठिपक्यांवर फिरू लागली. विश्वास पहिला ठेवला म्हणून रमाबाईंनी कष्टाला दुय्यम लेखले नाही.

१९०५ च्या आरंभी, वेल्समधल्या आध्यात्मिक जागृतीच्या बातम्यांनी प्रेरित होऊन, रोज सकाळी सत्तरेक जणी जमून प्रार्थना करू लागल्या. सहा महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, मुक्तीत पश्चात्तापाची आणि आनंदाची अशी लाट आली की तिची वार्ता जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पोहोचली. मोठमोठ्याने रडणे, एकदम सगळ्यांनी प्रार्थना करणे हे पाहून काही मिशनऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हिंदी मुलींनी आपल्या रीतीने देवाला हाक मारली तर तिला पाश्चात्त्य शिस्तीच्या चौकटीत बसवू नये, असा रमाबाईंचा कल होता. वाँटेजच्या दिवसांतली रमाबाईच यात दिसते.

आणि याच गडबडीच्या वर्षांत त्या इब्री आणि ग्रीक शिकत होत्या. वय पन्नाशीकडे झुकलेले, कानाला कमी ऐकू येऊ लागलेले, दारात नेहमी कोणी ना कोणी उभे. तरीही मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर स्वतः करायचे त्यांनी मनावर घेतले. संस्कृतप्रचुर मराठी आपल्या खेड्यातल्या मुलींना कळत नाही, मग त्या देवाचे ऐकणार कशा, हे त्यामागचे कारण. दुसऱ्याने वाचून सांगितलेले ऐकायचे आणि मान डोलवायची, हे त्यांना या मुलींच्या वाट्याला येऊ द्यायचे नव्हते. काही वर्षांपूर्वी भुकेने अर्धमेल्या होऊन आलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवीत. एकेक अक्षर उचलून ओळीत लावायचे, कच्ची प्रत काढायची, ती बाईंकडे जायची आणि खुणांनी भरून परत यायची. अशी सतरा-अठरा वर्षे गेली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. सगळे काम जिच्या हाती सोपवायचे तीच चाळिशीत गेली. रमाबाईंनी प्रुफे खाली ठेवली नाहीत. अखेरच्या आजारात, हे काम संपेपर्यंत थोडे दिवस दे, एवढेच त्यांनी देवाजवळ मागितले, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर पुरे झाले होते, आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

पुढच्या लेखांकात १९१७ चे सातारा पाहू. कवी नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांना कोणती हाक ऐकू आली होती, आणि हाताशी पगार नसताना संसाराची धुरा सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ती कशी ऐकू आली, या दोन्ही बाजू तेव्हा येतील.